चुकली म्हणजे काय

"मी इयत्ता सहावी ‘ब’ची विद्यार्थिनी. काल वनभोजनाच्या वेळी माझ्या हातून गंभीर चूक झाली. माझ्यामुळे सर्वांना त्रास झाला. मी सर्वांची माफी मागते. यापुढे अशी चूक करणार नाही."

पाच वाक्यं. अक्षर माझं, वाक्यं मॅडमची. ‘गंभीर’ मला लिहिता येत नव्हतं, तो शब्द त्यांनी फळ्यावर लिहून दाखवला.

सकाळचा परिपाठ. सगळी शाळा रांगेत. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली आणि सुविचार सांगायच्या जागी मला उभं केलं. मी वाचलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ऐकू नाई आलं जी!" पोरं हसली. हेडसर म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग मॅडम म्हणाल्या, "मान वर करून." तिसऱ्यांदा मान वर केली तर समोर फाटकापाशी माझे बाबा. चपला हातात घेऊन उभे. शाळेतून बोलावणं आलं म्हणजे चपला काढून आत जायचं असतं, असं त्यांना वाटलं होतं. तिसऱ्यांदा मी वाचलं ते त्यांच्याकडे बघत.

आता माझी चाळिशी आली. मी नर्स आहे, गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या पोटातल्या एका आरोग्य केंद्रात. पण रस्त्यानं जाताना एखाद्या शाळेचा परिपाठ कानावर आला की अजून तळहाताला घाम सुटतो. पाय जागेवर राहत नाहीत. आणि डोक्यात तोच प्रश्न. माझं चुकलं काय होतं?

ते आधी सांगते. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आता मी न विचारता सांगणार.

आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं. बौद्धांची वीसएक घरं, आणि शेवटच्या घरामागून जंगल सुरू. माय मोहफुलाला जायची, सरपणाला जायची, मला सोबत न्यायची. तिनं एक रीत शिकवली होती. अनोळखी वाटेला फाटा लागला की ज्या वाटेनं जायचं नाही तिच्यावर एक डहाळी मोडून आडवी टाकायची. येताना डहाळी दिसली की समजायचं, इकडं नको. माय म्हणायची, "जंगल कोनाले फसवत नाई पोरी. आपण खूण ठेवाची."

सहावीला मला तालुक्याच्या गावातल्या शाळेत घातलं. संक्रांतीनंतर शाळेचं वनभोजन निघालं. स्वयंपाक सुरू झाला तेव्हा लक्षात आलं की पत्रावळ्या आणायच्या राहिल्या. मॅडमनी चारही बाजूला बघितलं आणि बोट माझ्यावर येऊन थांबलं. "तू जा गं, पळसाची पानं आण. तुमच्या लोकांना जंगल माहीत असतं." मला बरंच वाटलं. एवढ्या पोरींमधून मला निवडलं म्हणून मी फुगले होते. तेवढ्यात पिंकी उठली. शाळेच्या अध्यक्षांची नात. "मी पण जाते मॅडम." मॅडम हसल्या, म्हणाल्या, "जा, पण लवकर या." हे मॅडमच बोलल्या. हे वाक्य मी आजवर कधी विसरले नाही, कारण नंतर ते सगळ्यांनी विसरून टाकलं.

मी पुढे, पिंकी मागे. फाटा आला की मी डहाळी टाकायची. पळस लागले तसे मी पानांचा भारा बांधला आणि परत फिरले. पहिल्या फाट्यावर डहाळी नाही. दुसऱ्यावर नाही. मी मागे वळून बघितलं तर पिंकीच्या हातात डहाळ्यांचा हा एवढा गुच्छ. "बघ किती जमवल्या! तू टाकत होतीस ना माझ्यासाठी?" मला आधी हसू आलं. मग ध्यानात आलं. ते वाघाचं जंगल.

पिंकी रडायला लागली. मी तिला बोरं दिली, माझी ओढणी तिच्या डोक्याला बांधली, मोठमोठ्यानं बोलत राहिले, कारण माय सांगायची की आवाज करत चालावं. दुपार कलली तेव्हा एक बकऱ्यावाला भेटला आणि त्यानं आम्हाला आणून सोडलं. तोवर गाव गोळा झालं होतं. अध्यक्षांची जीप येऊन उभी होती.

मॅडमनी पिंकीला पोटाशी धरलं. "काय झालं गं बाळा?"

पिंकी म्हणाली, "चुकली मी, मॅडम."

"अगं माझी बाई! वाट चुकलं लेकरू. पाणी आणा रे."

मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू?"

मी म्हटलं, "चुकली मी, मॅडम."

कानाखाली बसली. मॅडम जमलेल्या माणसांकडे बघून म्हणाल्या, "बघा, स्वतःच्या तोंडानं कबूल करते आहे."

तोच शब्द. अक्षर न् अक्षर तोच. आमच्याकडे कोणी जंगलात हरवलं की ‘चुकला’च म्हणतात. ढोर चुकते, लेकरू चुकते, म्हातारं माणूस बाजारात चुकते. पिंकीनं म्हटलं तर ती वाट झाली. मी म्हटलं तर तो गुन्हा झाला. आणि पिंकीच्या हातातला गुच्छ बघून अध्यक्ष म्हणाले, "फांद्या तोडायच्या नादानं नेलं आमच्या पोरीला वाघाच्या तोंडात." माझी खूण माझ्याविरुद्ध पुरावा झाली. पिंकी पाणी पीत होती. तिनं काही सांगितलं नाही. ती लहान होती. मीही तेवढीच होते.

दुसऱ्या दिवशी परिपाठ. तो सांगून झाला आहे.

बाबा हेडसरांसमोर इतके वाकले की चपला जमिनीला टेकल्या. "चुकली असन जी. लेकरू आहे. शाळेतून काढू नोका." घरी येताना ते सायकल हातानं ढकलत होते. मी बाजूनं चालत होते. मी विचारलं, "बाबा, मी काय चुकली?"

बाबा म्हणाले, "वाट."

थोडं पुढे जाऊन पुन्हा म्हणाले, "वाट चुकली तू. पण शाळा शिकाची आहे ना?"

म्हणजे बाबांना कळत होतं. सगळं कळत होतं, तरी वाकले. मला त्या वयात बाबांचा राग आला. मॅडमचा नाही, बाबांचा. तो राग मी कितीतरी वर्षं सांभाळला आणि त्याची आता मला लाज वाटते.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला मी थांबले. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं ते शील. बाकी पोरंबाया म्हणत पुढे गेल्या. मी तोंड मिटून बसले. तोवर खोटं बोलले नव्हते असं नाही, गूळ खाऊन नाही म्हटलं होतं. पण सगळ्यांसमोर, कागदावर लिहून, खणखणीत असं पहिलं खोटं मी बोलले ते माफी मागताना.

त्यानंतर मी माफी मागायचं मशीन झाले. कोणाचा पाय मला लागला तरी मीच म्हणायची, चुकलं. कॉलेजात बाकड्यावर दुसरीनं शाई सांडली तरी चुकलं माझं. लग्नानंतर सासरी भात करपला, दूध नासलं, पाहुणा न सांगता आला, सगळ्याला माझं एकच वाक्य. नवरा चांगला माणूस आहे. तो एकदा वैतागून म्हणाला, "अवं, पाऊस नाई आला त्याची बी माफी मागशीन तू." मी हसले. आणि म्हटलं, "चुकलं."

नर्सिंग करून मी नोकरीला लागले. कंत्राटी. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. कंत्राटी माणूस कायम हसतमुख असतो, हे सांगायला नको.

आणि या नोकरीत तोच शब्द रोज माझ्यासमोर येऊन बसायला लागला. बाया येतात, आजूबाजूला बघतात, पदर तोंडाला लावून म्हणतात, "बाई, चुकली." पाळी चुकली. एखादी हसून म्हणते, एखादी रडून. लग्न झालेलीची चुकली तर पेढे. एक अठरा वर्षांची पोरगी आली, लग्न झालेलं नव्हतं. तीही तेच बोलली, "चुकली बाई." बाजूला बसलेली तिची मोठी आई तोंडात पदर कोंबून म्हणाली, "चूक केली हिनं." मी तारीख लिहीत होते. पेन थांबलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाळी चुकली आहे मावशी. पोरगी काय चुकली ते मग पाहू. अन् पोरगा कुठी आहे, तो नाई चुकला का?" पोरीनं पहिल्यांदा मान वर केली.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. हातानं काम सुरू, मनात शब्द उलटापालटा. आपल्या भाषेत किती गोष्टी चुकतात. गाडी चुकते. नेम चुकतो. ठोका चुकतो. उशिरा आपण पोचतो, पण म्हणतो गाडी चुकली. एवढी मोकळीक आहे या शब्दात. मग माझ्या वाट्यालाच तो असा का आला? आणि केंद्रातले कागद वाचताना दिसायला लागलं की वरच्या लोकांच्या हातून चूक होतच नाही. त्यांची ‘त्रुटी राहते’. ‘तांत्रिक अडचण’ येते. ‘अनवधान’ होतं. चूक फक्त शिपायाची, सफाईवालीची, आशाताईची, माझी. मोठी माणसं चुकत नाहीत, चुकवतात. नजर चुकवतात, रात्रपाळी आली की ड्युटी चुकवतात. त्याला कोणी चूक म्हणत नाही.

आता या हिवाळ्यातली गोष्ट.

ओढ्यापलीकडच्या एका पाड्यावर लसीकरण होतं. मी, सोबत आमची आशा कार्यकर्ती, सोमीबाई. गोंड बाई आहे, माझ्यापेक्षा मोठी, बोलते कमी. लशीचा डबा घेऊन आम्ही केंद्राच्या गाडीनं निघालो. अर्ध्या वाटेत चालकाला साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमच्या केंद्राचे डॉक्टर. त्यांच्या सासरची माणसं आली होती, त्यांना वडशाला नाटकाला जायचं होतं आणि गाडी लगेच हवी होती. चालकानं आम्हाला फाट्यावर उतरवलं. त्याचा चेहरा पडला होता. म्हणाला, "दोनच किलोमीटर आहे सिस्टर."

दोन नव्हते. डोक्यावर ऊन, हातात डबा. लवकर पोचावं म्हणून मी आडवाटेनं जाऊ म्हटलं आणि आम्ही ओढ्यापाशी चुकलो. हो, वाट चुकलो, फिरता फिरता दुपार टळली. सोमीबाई नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. तेवढं माझं. ते मी कधी नाकारलं नाही.

पाड्यावर पोचलो तेव्हा सकाळपासून बाया मोहाखाली बसलेल्या. मांडीवर लेकरं. एका म्हातारीनं आमच्यासाठी पाणी भरून ठेवलं होतं. मी डबा उघडला. बर्फाचं पाणी झालेलं. लशीच्या प्रत्येक बाटलीवर एक खूण असते, औषध तापलं की तिचा रंग गडद होतो. मी एकेक बाटली उन्हात धरून बघितली. सगळ्या गडद.

कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. सुई टोचली असती, लेकरं रडली असती, कार्डावर सह्या झाल्या असत्या. मी डबा बंद केला आणि सोमीबाईला म्हटलं, "सांग त्याईले, औषध खराब झालं. आज नाई देत. आठ दिवसांनी येतो." तिनं गोंडीत सांगितलं. कोणी ओरडलं नाही. बाया उठल्या, लेकरं कमरेवर घेतली आणि गेल्या. मला तेच जास्त लागलं. परतताना सोमीबाई एवढंच बोलली, "दुसरी असती तर टोचून गेली असती."

तिसऱ्या दिवशी माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस. लस वाया घालवली, सत्र रद्द केलं, निष्काळजीपणा. साहेबांनी आत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. टेबलावर कोरा कागद सरकवला.

"सिस्टर, काऊन ताणता? दोन ओळी लिहून द्या. नजरचुकीनं झालं, माफी असावी. विषय खतम."

मी म्हटलं, "सर, गाडी परत बोलावली होती."

"गाडीचा विषय नाई काढाचा. अन् तुमाले एवढं होतं तं देऊन टाकाची लस. कोन पाह्यते त्या पाड्यावर?"

मी कोऱ्या कागदाकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, मी वळते आहे. आवाज मऊ करून म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमची ऑर्डर आहे ना रिन्यूची? मग?" मी तरी पेन उचललं नाही तेव्हा तो मऊपणा गेला. "तुमच्या लोकायचं हेच आहे. मोर्चे काढता येते, चूक मान्य कराले जीव जाते."

तुमच्या लोकांना जंगल माहीत असतं. तुमच्या लोकांचं हेच आहे. मधे इतकी वर्षं गेली आणि वाक्याची सुरुवात तीच. माझे तळहात ओले झाले होते. पाय पुन्हा त्या परिपाठाच्या मैदानावर होते. खरं सांगते, पेन उचलायला हात गेला होता. ऑर्डरवर घर चालतं. बाबा माझ्याकडे असतात, त्यांच्या गोळ्या असतात. दोन ओळी. ‘गंभीर’ सुद्धा आता मला लिहिता येतं.

मी विचारलं, "सर, काय चुकलं?"

"म्हणजे?"

"वाट चुकली, का गाडी चुकली, का मी चुकली? तिन्ही वेगळे आहेत. काय लिहू ते सांगा."

साहेब हसले. "मराठीचा तास आहे का इथी?"

"हो," मी म्हटलं. तो हो कसा निघाला मला माहीत नाही. पण निघाला, आणि निघाल्यावर मला एकदम मोकळं वाटलं, आणि भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी.

कागद घेऊन मी बाहेर आले आणि बाकावर बसून लिहिलं, दोन प्रती. गाडी अमुक फाट्यावरून परत बोलावण्यात आली. कोणी बोलावली, कशासाठी बोलावली, कुठे गेली, ते लिहिलं. आडवाटेनं जाण्याचा निर्णय माझा होता आणि ओढ्यापाशी आम्ही वाट चुकलो, तेही लिहिलं. लस तापली होती म्हणून दिली नाही, पुन्हा तशी वेळ आली तरी देणार नाही. शेवटी लिहिलं, मी माफी मागत नाही.

आवकच्या टेबलावरचा बाबू वाचून म्हणाला, "असा खुलासा नसते सिस्टर. माफी असावी लिवा लागते खाली."

"शिक्का मारा."

"साहेब मले बोलतीन."

"मले बी बोलतीन. शिक्का मारा, अन् माही पोच द्या."

त्यानं कागद बाजूला ठेवला, चहा पिऊन आला, फाइली हलवल्या. मी उभी. मागे पेशंटची रांग लागली, कोणीतरी म्हणालं, सरका ना बाई. सरकले नाही. जन्मभर वाटेतून सरकत आले होते. शेवटी त्यानं दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, जरा जोरातच मारला.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं. दोनदा सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, "नोकरी जाईन तुही." मी म्हटलं, जाईल. त्यांनी मला शाबास म्हटलं नाही. उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांची भीती खरी आहे. माझीही आहे. त्या रात्री मी झोपले नाही, आणि त्यानंतरही नीट झोपलेले नाही.

आठ दिवसांनी नवा डबा घेऊन पाड्यावर गेले. गाडी मिळाली नाही. सोमीबाई पहाटेच निघून पुढे गेली होती. ओढ्यापाशी फाट्यावर आले तर आडवाटेवर एक डहाळी मोडून आडवी टाकलेली. इकडं नको. मी सरळ वाटेनं गेले. डबा उघडला तेव्हा बर्फ शाबूत होता. सगळी लेकरं टोचली, सगळी रडली.

माझं कंत्राट या महिन्याअखेर संपतं. ऑर्डर आलेली नाही. साहेब माझ्याशी बोलत नाहीत, बाबू पोचपावतीवरून दात काढतो. आली तर काम करीन. नाही आली तर आवकचा शिक्का मारलेला तो कागद घेऊन जिल्ह्याला जाईन, तिथून जिथे पाठवतील तिथे जाईन. बाबा वाकले ते माझ्या शाळेसाठी. माझी शाळा कधीच संपली. आता वाकायला कारण उरलेलं नाही.

यापुढे कोणी मला म्हटलं, तुझं चुकलं, तर मी विचारणार, काय? माझं असेल तेवढं माझं म्हणेन. नसेल तर त्याचं नाव घेईन, ज्याचं आहे त्याचं. मला तीनदा वाचायला लावलं होतं. मी तीनदा विचारीन. मान वर करून.